लग्न कोणाचे खरे? मांजरी-हडपसरच्या वेशीवरून एका जुन्या वादाकडे पाहताना

#धागा

१/२४
मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांमुळे शेतीच्या जगात आधीपासून परिचित असलेले हे गाव आता हडपसर-मगरपट्टा परिसरात नोकरी करणाऱ्या तरुणांच्या वस्तीचे ठिकाण झाले आहे. तेथे एकत्र राहण्यासाठी फ्लॅट शोधणाऱ्या तरुण-तरुणीला भाडे आणि डिपॉझिट यांच्याही आधी एक प्रश्न ऐकावा लागतो : "लग्न झालंय का?"

२/२४
या प्रश्नामागे एक गृहीत असते. लग्न म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पूर्वापार स्वच्छ ठाऊक होते आणि लग्नाविना सहवास ही कालपरवा बाहेरून आलेली गोष्ट आहे, असे ते गृहीत. त्याला उत्तर देणारे तरुण गांधर्व विवाहाचा दाखला देतात आणि प्राचीन काळी सारे मोकळेच होते, असे सांगतात. दोन्ही पक्षांचा इतिहास कच्चा आहे. 'खरे लग्न' कोणते, याची व्याख्या महाराष्ट्रात वारंवार बदलली आणि प्रत्येक बदलाची किंमत मुख्यतः स्त्रीने मोजली. हा धागा त्या किमतीविषयी आहे.

३/२४
आरंभ गांधर्व विवाहापासूनच करावा. स्मृतींनी विवाहाचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत तो येतो : परस्परांच्या इच्छेने झालेले मीलन. त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा शकुंतलेची. कालिदासाची शकुंतला मुग्ध आहे; महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला मात्र व्यवहार जाणते. आपल्या पोटी येणारा पुत्रच गादीचा वारस होईल, हे वचन ती दुष्यंताकडून आधी घेते आणि मगच संमती देते.

४/२४
पुढे मुलाला घेऊन ती दरबारात उभी राहते, तेव्हा राजा सरळ कानांवर हात ठेवतो. साक्षीदार नाही, कागद नाही. अखेर आकाशवाणी होते आणि तिचे म्हणणे खरे ठरते. कथेतील ही जागा लक्षपूर्वक वाचावी. वचन होते, संमती होती, तरीही ते सिद्ध करण्यासाठी आकाशाला बोलावे लागले. आकाशवाणी प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. गांधर्व विवाहाची कथा स्वातंत्र्याची खरी, तशीच पुराव्याअभावी एकट्या पडलेल्या स्त्रीचीही आहे.

५/२४
आता दख्खनकडे. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. महाराष्ट्रातील हिंदू वारसा कायद्याचा तो पुढे मुख्य आधार झाला. त्या परंपरेत 'अवरुद्ध स्त्री' अशी एक संज्ञा येते : विवाहविधी झालेला नाही, पण एकाच पुरुषाच्या आश्रयाने कायम राहणारी स्त्री. तो पुरुष वारला, तर त्याची मालमत्ता घेणाऱ्याने तिच्या अन्नवस्त्राची सोय करावी, असे हे शास्त्र सांगते.

६/२४
यावरून जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 'अवरुद्ध' या शब्दाचाच अर्थ अडवून ठेवलेली, कोंडलेली. तिला पत्नीचा मान नव्हता आणि पुरुषावर एकनिष्ठेचे बंधन नव्हते. पण एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. धर्मशास्त्राने तिचे अस्तित्व नाकारले नाही. लग्न झालेले नाही, म्हणून तिचा कसलाच हक्क नाही, असे म्हणण्यापर्यंत ते गेले नाही. तेथपर्यंत जाण्याचे काम पुढे आधुनिक कायद्याने केले; ती हकिकत सतराव्या भागात येईल.

७/२४
पेशवाईतील महाराष्ट्रात विवाहाची एकच पायरी नव्हती. अनेक ब्राह्मणेतर जातींत स्त्रीचे 'लग्न' एकदाच होई. विधवा झाल्यावर किंवा सोडचिठ्ठीनंतर तिचा 'पाट' लागे. काही ठिकाणी त्याला 'मोहतूर' म्हणत. पाट बहुधा रात्री, वाजंत्रीविना, मोजक्या माणसांत होई. प्रतिष्ठेत तो लग्नाहून खालचा, पण समाजमान्य. सरकार त्यावर 'पाटदाम' नावाचा कर घेई. ज्या संबंधाकडे उच्चवर्णीय नीती नाक मुरडत असे, त्याच संबंधातून राज्याच्या खजिन्यात नाणी पडत.

८/२४
इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनच्या सरकारने दख्खनच्या जातींच्या रूढी गोळा करण्याचे काम आर्थर स्टील याच्याकडे सोपवले. त्याचा ग्रंथ १८२७ साली निघाला. त्यातून दिसणारा समाज एकजिनसी नाही. कोठे जातपंचायत काडीमोड देते, कोठे दंड घेऊन दुसरा संसार मान्य करते, कोठे काहीच चालत नाही. पंचायती दयाळू होत्या, असे नव्हे. दंड आणि वाळीत टाकणे ही त्यांचीच हत्यारे. तरी पुष्कळ कष्टकरी स्त्रियांसाठी नकोशा संसारातून बाहेर पडण्याचे एक दार तेथे होते.

९/२४
ते दार इंग्रजी न्यायालयांनी अरुंद केले. १८७६ साली संभू रघू याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. निकालाचा परिणाम विलक्षण होता. गावाच्या दृष्टीने जी रीतसर दुसऱ्या घरी नांदत होती, ती कायद्याच्या दृष्टीने पहिल्याचीच पत्नी उरली आणि तिचा दुसरा संसार गुन्ह्याच्या कक्षेत आला.

१०/२४
गंमत अशी की निकाल देणाऱ्यांच्या मायदेशातील विवाहव्यवस्थाही फार जुनी नव्हती. इंग्लंडमध्ये १७५३ चा हार्डविक कायदा येईपर्यंत दोघांनी परस्परांना दिलेले वचनही, चर्चमधील समारंभाविना, विवाह म्हणून ग्राह्य धरले जाऊ शके. ठरावीक जागा, ठरावीक विधी आणि नोंद यांची सक्ती त्या कायद्याने केली. जी नीती भारतात सनातन सत्याच्या थाटात सांगितली गेली, ती तिच्या स्वतःच्या घरी सव्वाशे वर्षांचीही नव्हती.

११/२४
याच दशकात पुण्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा विवाह ब्राह्मण पुरोहिताविना झाला. पाठोपाठ ७ मे १८७४ रोजी ज्ञानोबा ससाणे यांचा विवाह त्याच पद्धतीने लागला. हे ससाणे हडपसरचे, म्हणजे मांजरीच्या शेजारचे. भटजी नाही, संस्कृत मंत्र नाहीत. सनातन्यांच्या दृष्टीने हे लग्नच नव्हते.

१२/२४
मंत्रांच्या जागी काय आले, हे पाहण्यासारखे आहे. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू बोलते. ती वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि तो सर्वांच्या समोर तसे वचन देतो. विवाहाचे मर्म पुरोहिताच्या हातून काढून दोघांच्या परस्पर करारात ठेवले गेले. करार चार माणसांच्या साक्षीने व्हावा, हा आग्रह मात्र कायम राहिला. फुल्यांना विवाहसंस्था मोडायची नव्हती. तिचा पाया बदलायचा होता.

१३/२४
ससाणे घराण्याशी फुल्यांचे नाते पुढे आणखी जवळचे झाले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह ज्ञानोबा ससाणे यांची कन्या राधा हिच्याशी झाला. चरित्रकार सांगतात की लग्नाआधीच सावित्रीबाईंनी भावी सुनेला आपल्या घरी राहायला आणले होते. मुलगा आणि मुलगी यांची ओळख व्हावी, स्वभाव कळावेत, तिचे शिक्षणही व्हावे, हा त्यामागचा हेतू. याला आजच्या अर्थाने लिव्ह-इन म्हणणे चुकीचे ठरेल. घरात वडीलधारी होती आणि विवाह ठरलेला होता. पण विधीच्या आधी ओळख, हा विचार १८८९ सालच्या पुण्यात कृतीत उतरला होता.

१४/२४
तो विचार किती धाडसी होता, हे रखमाबाईंच्या खटल्यावरून कळते. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न. त्यानंतर त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, वाचत-शिकत वाढल्या. १८८४ साली दादाजीने पत्नी नांदायला यावी म्हणून मुंबईत दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या लग्नाला संमती देण्याचे माझे वय नव्हते, ते माझ्यावर बंधनकारक नाही.

१५/२४
१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्या भूमिकेवर टीकेची झोड उठवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घ काळ सेवा केली.

१६/२४
हा खटला आजच्या वादाची उलटी बाजू दाखवतो. आज लग्नाविना सहवासाला अनीती म्हटले जाते. रखमाबाईंच्या बाबतीत लग्न पूर्ण विधीपूर्वक झालेले होते आणि संमती तेवढी नव्हती. तरीही त्या काळच्या बहुसंख्य प्रतिष्ठितांना नीती दादाजीच्या बाजूची वाटली. विधीला नीतीचे एकमेव माप मानले की माणूस कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे : एका बाईने न निवडलेल्या पुरुषाबरोबर राहावे म्हणून तुरुंगाची धमकी.

१७/२४
आता अवरुद्ध स्त्रीकडे परत. १९२६ साली मुंबईतून गेलेल्या बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने अशा स्त्रीचा मृत पुरुषाच्या मालमत्तेतून पोटगी मिळवण्याचा हक्क मान्य केला. ती त्याच्या कुटुंबासह एका घरात राहत असली पाहिजे, ही अटही मानली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात अवलंबितांची यादी आली. तिच्यात अनौरस मुले आली, अशी स्त्री मात्र वगळली गेली. शास्त्राने दिलेला तो तुटपुंजा आधार सुधारणेच्या काळात संपला.

१८/२४
१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे उपकार मोठे आहेत : एकपत्नीत्व, घटस्फोट, रूढीनुसार होणाऱ्या घटस्फोटालाही मान्यता. पण विधीचे माप त्यातही राहिले. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पहिली पत्नी असताना दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले होते : हार घातले, कपाळाला कपाळ टेकवले. १९६५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, होम आणि सप्तपदी झाली नाही, म्हणून हे लग्नच नव्हे. द्विभार्येच्या आरोपातून पुरुष सुटला. पहिलीला न्याय मिळाला नाही आणि दुसरी पत्नी ठरली नाही.

१९/२४
याआधीच एका मराठी माणसाने या नीतीची चिकित्सा आरंभली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. स्त्री-पुरुष संबंधांत संमती आणि आरोग्य पाहावे, उरलेल्यात समाजाने नाक खुपसू नये, ही त्यांची धारणा. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तेथेही दंडच झाला. मासिक मात्र कर्व्यांनी १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालू ठेवले.

२०/२४
कायदा वळला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने. 'विवाहसदृश संबंधा'तील स्त्रीलाही त्याने संरक्षण दिले. ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दीर्घ सहवासातील स्त्रीला पोटगी देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, पण तो कायद्यात उतरला नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांचा सहवास गुन्हा नसल्याचे सांगितले. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, पहिले लग्न लपवून फसवल्या गेलेल्या स्त्रीला पोटगीपुरते पत्नी मानले गेले. म्हणजे १९५६ साली बंद झालेले दार किलकिले होण्यास जवळपास अर्धशतक लागले.

२१/२४
भाषा मात्र मागेच राहिली. २०१० च्याच एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'ठेवलेली बाई' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला, तेव्हा तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्यास आक्षेप घेतला. मराठीत रखेल, अंगवस्त्र, नाटकशाळा असे शब्द आहेत. ते सारे स्त्रीला लागतात. ज्याने ठेवली, त्याच्यासाठी तितका बोचरा शब्द भाषेने घडवलेला नाही. नीतीचा तराजू कोणीकडे झुकलेला आहे, हे शब्दकोशही सांगतो.

२२/२४
लग्नाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद टाळू नये. नोंदलेला विवाह म्हणजे चारचौघांसमोरचा पुरावा. शकुंतलेला जी साक्ष आकाशातून मिळाली, ती आज विवाह प्रमाणपत्रातून मिळते. वारसा, पोटगी, रुग्णालयातील सहीचा हक्क, सारे त्याने सोपे होते. 'कागदाची काय गरज' असे म्हणणाऱ्या तरुणाने हा प्रश्न आपल्या जोडीदाराच्या बाजूनेही विचारून पाहावा. पण विवाह उपयुक्त आहे, यावरून विवाहाविना राहणारी दोन प्रौढ माणसे अनीतिमान ठरत नाहीत; फार तर कमी सुरक्षित ठरतात.

२३/२४
त्या असुरक्षिततेवर उपाय म्हणून उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून सहवासाची नोंदणी सक्तीची केली. हेतू संरक्षणाचा सांगितला जातो; न नोंदवल्यास शिक्षा मात्र त्याच जोडप्याला. पाटदामाची येथे आठवण होते. राज्य संबंधांची नोंद ठेवते, तेव्हा ती कोणासाठी ठेवते, हे तपासले पाहिजे. तंटा झाल्यावर दुर्बल बाजूला हक्क मिळावा, हे राज्याचे काम. तंटा नसताना दार ठोठावणे, हे जातपंचायतीचे काम होते आणि ते कोणाला पुन्हा हवे असू नये.

२४/२४
इतिहासातून निघणारे माप साधे आहे. संबंध दोघांच्या मोकळ्या संमतीने सुरू झाला का? त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोघांना सारखी आहे का? तो मोडला, तर दुर्बल बाजू आणि मुले उघड्यावर येणार नाहीत ना? रखमाबाईंचे विधिवत लग्न पहिल्याच प्रश्नाला नापास होते. जबाबदारी झटकण्यासाठी लग्न टाळणाऱ्याचा सहवास तिसऱ्याला नापास होतो. मांजरीच्या सोसायटीत विचारला जाणारा प्रश्न या तिन्हींपैकी एकही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, शेजारच्या हडपसरची लेक घरी आणताना, सावित्रीबाईंनी त्यांतला पहिला प्रश्न तरी ओळखला होता.
(समाप्त)